मागे कोण?

त्या महिन्यात दुकानात शिवायचं काम नव्हतंच. होतं ते सगळं उसवायचं. कॅम्पातून पोत्यांत कोंबलेले गणवेश येत. ती एकेक सदरा मांडीवर घेई, बाहीवरच्या कापडी बिल्ल्याच्या कडेखाली ब्लेडचं टोक सरकवी आणि टाके तोडत जाई. बिल्ला सुटून हातात आला की बाहीवर त्याच्याच आकाराचा गडद डाग उरे. भोवतीचं कापड उन्हानं विटलेलं, बिल्ल्याखालचं मात्र नव्यासारखं.

"काढला तरी आहे तसाच दिसतोय की हो," पोती आणणारा स्टोअरमधला हवालदार म्हणाला.

"मग काय, रंगवून देऊ?"

"तुम्ही द्याल पण! टेलरबाई, साहेब म्हणतात सोमवारपर्यंत सगळे हवेत. नव्या ब्रिगेडचे नवे बिल्ले यायचेत."

"साहेबांना सांगा, लावायला माझ्या वडिलांचं आणि माझं आयुष्य गेलं. काढायला सोमवार कसला देताय?"

हवालदार हसला. ती हसली नाही.

डिव्हिजन मोडणार होती. आता लहान लहान ब्रिगेड करायच्या, त्या वेगवेगळ्या सरहद्दींवर पाठवायच्या, असं वर ठरलं होतं. कॅम्पच्या फाटकासमोरचं हे दुकान तिच्या वडिलांचं. पुढे दुकान, मागे दोन खोल्या आणि फरशीचं अंगण. वडिलांनी इथं बसून डिव्हिजनचा पहिला बिल्ला भरला तेव्हा ती रिळांशी खेळण्याच्या वयाची होती आणि डिव्हिजन म्हणजे नुसतं पायदळ होतं. बिल्ल्यावर एकच हिरवा पेड. रणगाडे नदीपलीकडच्या छावणीत राहत, तोफखाना टेकडीमागे. वर्षातून एकदा सरावाला सगळे एकत्र येत, एकमेकांच्या अंगावर धूळ उडवत, एकमेकांना नावं ठेवत आणि आपापल्या छावणीत परत जात. पायदळाच्या मते रणगाडेवाले म्हणजे बसून लढणारे शेठजी. रणगाडेवाल्यांच्या मते पायदळ म्हणजे चाकाखालचा चिखल. तोफखाना दोघांनाही खिजगणतीत धरत नसे, कारण तो इतका मागे असे की त्याला दोघंही दिसत नसत.

मग एक जनरल आला. जे एकत्र मरणार आहेत ते आधी एकत्र राहायला हवेत, असं त्याचं म्हणणं. त्यानं नदीपलीकडची आणि टेकडीमागची छावणी उठवली, सगळ्यांना एकाच कॅम्पात आणलं आणि एकाच मेसमध्ये जेवायला बसवलं. प्रत्येक ब्रिगेडमध्ये पायदळाच्या पलटणी, त्यांच्याबरोबर रणगाडे, पाठीशी तोफा, पुढे वाट करून द्यायला इंजिनिअर आणि या सगळ्यांना बोलतं ठेवायला सिग्नलवाले. रणगाड्याला जवळचं दिसत नाही, शिपायाच्या अंगावर चिलखत नाही, तोफेला डोळे नाहीत. एकाची उणीव दुसऱ्यानं झाकायची, एवढीच त्यातली अक्कल. वडिलांनी नवा बिल्ला भरला. हिरवा, लाल आणि निळा अशा तीन पेडांचा पीळ दिलेला दोर. लोक डिव्हिजनला 'तिपेडी' म्हणू लागले. इंजिनिअर आणि सिग्नलवाले रुसून दुकानात आले, आमचा पेड कुठाय म्हणून. वडिलांनी चष्मा कपाळावर सरकवून दोराच्या दोन टोकांच्या गाठी दाखवल्या. "या तुम्ही. तुम्ही नसलात तर सगळं उलगडून जाईल." दोघंही खूश होऊन गेले.

वडिलांना माणसं सांभाळता येत. तो गुण तिच्यात उतरला. तिच्या हातून जे झालं ते त्या गुणापायीच.

जनरलच्या नव्या रचनेत एक डबा होता. रणगाड्यात बसलेल्याला बाहेरचं काही ऐकू येत नाही. मागे चालणाऱ्या शिपायानं घसा फोडून घेतला तरी नाही. म्हणून प्रत्येक रणगाड्याच्या पाठीवर एक लोखंडी डबा बसवला आणि त्यात टेलिफोन. शिपायानं झाकण उघडायचं, रिसीव्हर उचलायचा आणि आतल्यांशी बोलायचं: भिंतीआड कुणीतरी आहे, थांबा, मागे येऊ नका. कल्पना फार चांगली. पण पायदळाच्या पोरांना आयतंच खेळणं मिळालं. ते रिसीव्हर उचलून गाणी म्हणत, "दोन चहा पाठवा, त्यांतला एक बिनसाखरेचा" असं फर्मावत. आत ड्रायव्हरच्या कानात ते सगळं घुमत राही. मग रणगाडेवाल्यांनीही डब्याचा आपल्या परीनं उपयोग शोधला. त्यात साबणाची वडी, दाढीचा ब्रश आणि ओले मोजे ठेवायला सुरुवात केली.

तिचा नवरा त्यांतलाच एक ड्रायव्हर. झाकणाच्या खटक्यात अडकून फाटलेला डगला शिवून घ्यायला आला आणि डगला शिवून झाल्यावरही येत राहिला. तिचा धाकटा भाऊ तेव्हा पायदळात नुकताच लागला होता. "ताई, सगळं जग सोडून रणगाडेवाला?" असं त्यानं कपाळाला हात लावून म्हटलं, पण लग्नात सगळ्यांत जास्त धावपळ त्यानंच केली. भावोजी आणि मेव्हण्याचं असं गूळपीठ जमलं की ती म्हणे, माझं लग्न नक्की कुणाशी झालंय? सुटीच्या दिवशी दोघं अंगणात बसून एकमेकांच्या पलटणीची टर उडवत. भावाबरोबर त्याचा जोडीदार येई. त्याला सगळे लांब्या म्हणत. दुकानाच्या दाराच्या चौकटीवर तो दर वेळी डोकं आपटे आणि दर वेळी चौकटीची माफी मागे.

मोठ्या सरावाच्या दिवशी सकाळी कुणीतरी डब्यातून कोंबड्यासारखं आरवलं. तिच्या नवऱ्यानं वैतागून टेलिफोनची तार आतून उपसून टाकली. दुपारी लावू, म्हणाला. दुपारी सगळे धुळीत होते. कुणाचा पाय घोट्यात मुरगळला म्हणून लांब्या रणगाड्यामागे वाकून त्याला बाजूला ओढत होता, आणि त्याच वेळी रणगाडा खड्ड्यातून निघण्यासाठी मागे यायला लागला. भावानं धावत जाऊन डबा उघडला. साबणाची वडी खाली पडली. त्यानं रिसीव्हरमध्ये जीव खाऊन ओरडून सांगितलं, थांबा, थांबा. मग बंदुकीच्या दस्त्यानं पत्र्यावर ठोकलं. रणगाडा थांबला तेव्हा लांब्या उरला नव्हता. मुरगळलेल्या पायाचा पोरगा वाचला.

चौकशी बसली. चौकशीवाले डबा बघायला गेले तेव्हा टेलिफोन उत्तम चालत होता. भावाचं म्हणणं, रिसीव्हर मेला होता. घाबरलेल्या माणसाला असं वाटतं, असं चौकशीवाल्यांचं मत पडलं.

त्याच आठवड्यात एका दुपारी नवरा कॉटच्या कडेवर बसला, पायांत बूट तसेच. म्हणाला, "तार मी काढली होती. संध्याकाळी आमच्या रणगाड्याच्या कमांडरनं गुपचूप परत लावली. म्हणाला, तोंड उघडलंस तर सगळेच जाऊ."

ती इस्त्री करत होती. तिनं इस्त्री उभी ठेवली.

"तुझ्या भावाला सांग," तो म्हणाला. "मला त्याच्यासमोर उभं राहवत नाही. तू सांग. त्याला म्हणावं, तू म्हणशील तसं करतो. चौकशीत बोल म्हणालास तर उद्या जाऊन बोलतो. काय ते त्यानं ठरवावं."

"सांगते," ती म्हणाली.

तिला दिवस गेले होते, पोट दिसायला लागलं होतं. जेवणाचा डबा भरून ती बराकीत गेली. भाऊ खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडला होता. शेजारची खाट रिकामी, तिच्यावरची गादी गुंडाळून ठेवलेली. तो उठून बसला आणि पहिलंच वाक्य बोलला, "ताई, मला एवढंच कळू दे. फोन मेला होता की मीच घाबरून वेडा झालो होतो?"

आता सांगायचं होतं. वाक्य जिभेवर होतं. पण तिला दिसला तो बेड्या घातलेला नवरा, गेलेली नोकरी आणि दुकानाच्या दारात उभी असलेली, पोर काखोटीला मारलेली ती स्वतः. तिनं डब्याचं झाकण उघडलं.

"आधी चार घास खा."

त्यानं खाल्लं. खाऊन झाल्यावर ती म्हणाली, "धूळ होती रे. कुणाचा दोष नाही."

घरी आल्यावर नवऱ्यानं विचारलं, "सांगितलंस?"

"सांगितलं."

"काय म्हणाला?"

"काही बोलला नाही."

चौकशी संपली. लांब्या नको तिथे उभा होता, असा निष्कर्ष निघाला. मात्र डिव्हिजननं एक नियम केला, जो दुसऱ्या कुठल्याही डिव्हिजनमध्ये नव्हता. रणगाडा मागे घेण्याआधी ड्रायव्हरनं टेलिफोनवर विचारायचं, "मागे कोण?" आणि मागच्या शिपायानं "मोकळं" म्हटल्याशिवाय चाक हलवायचं नाही. डब्यात साबण सापडला तर अख्ख्या तुकडीला शिक्षा. तिपेडीच्या पोरांनी हा नियम इतका अंगी बाणवला की मेसमध्ये बाक मागे सरकवतानाही कुणीतरी ओरडे, मागे कोण? तिचा नवरा तर घरातसुद्धा. खुर्चीवरून उठायचं झालं, की मान न वळवता विचारणार, "मागे कोण?" ती असेल तिथून, कधी चुलीपाशी कधी मशिनवर, म्हणणार, "मोकळं!" पाहुण्यांना वाटे, काय प्रेमाची थट्टा आहे. ती हसून घेई.

चौकशी संपल्यावर सांगू, असं तिनं ठरवलं होतं. मग बाळंतपण झाल्यावर. मग वडील आजारी पडले तेव्हा म्हटलं, ते बरे झाल्यावर. ते बरे झाले नाहीत. मग सांगण्याचं काम इतकं शिळं झालं की ते बाहेर काढायचीच लाज वाटायला लागली. एकदा टाकून ठेवलेलं कापड वर्षांनी उलगडावं आणि घडीवर चिरलेलं निघावं, तसं होईल असं वाटे.

भाऊ येत राहिला, पण दुकानापर्यंत. मागच्या खोलीत पाऊल टाकत नसे. 'भावोजी' हा शब्द त्याच्या तोंडून गेला आणि 'तुझा नवरा' आला. नवऱ्यानंही 'मेव्हणा' सोडून 'तुझा भाऊ' धरलं. दोघांमधलं सगळं बोलणं तिच्यामार्फत चाले आणि ती जात्याच टेलर. जिथे घट्ट होतं तिथे सैल करी, जिथे टोचेल तिथे अस्तर लावी.

"तुझ्या नवऱ्याला प्रमोशन मिळालं म्हणे. मिळणारच," भाऊ म्हणे. आत जाऊन ती सांगे, "भाऊ अभिनंदन म्हणाला."

"तुझ्या भावाला सांग, पोरीचा मामा आहे, तर पोरीसाठी तरी आत येऊन बसावं," नवरा म्हणे. बाहेर येऊन ती सांगे, "हे झोपलेत रे. तुझी आठवण काढत होते."

मुलगी मोठी होऊन एकदा म्हणाली, "आई, ते दोघं भांडलेत की नाही हे मला अजून कळत नाही. तुझ्या तोंडून ऐकलं तर वाटतं, एकमेकांवाचून करमत नाही त्यांना."

"तसंच आहे," ती म्हणाली होती. ते मात्र खोटं नव्हतं.

नवऱ्याचे कान इंजिनानं खाल्ले. निवृत्त झाला तेव्हा निम्मं ऐकू येत होतं, पुढे तेही गेलं. आता तो फक्त तिचे ओठ वाचत असे. बाकीच्यांचं त्याला जमत नसे, किंवा जमवून घ्यायचं नसे. तिनं आवाज काढायचंही सोडलं होतं, नुसते ओठ हलवले की भागे. "मागे कोण?" तो अजून विचारे. उत्तर ऐकू येणार नाही म्हणून ती जाऊन त्याच्या खांद्यावर हात ठेवी. मग तो उठे.

आणि आता डिव्हिजनच्या शेवटच्या संचलनाचा दिवस ठरला. जुन्या लोकांनाही बोलावलं होतं, पण कुणी आपल्या पलटणीबरोबर चालायचं नाही असं ठरलं होतं. रांगा मिसळलेल्या. प्रत्येक रांगेत एक पायदळाचा, एक रणगाड्यांचा, एक तोफखान्याचा. आपापले साथीदार आपणच निवडायचे.

आदल्या दिवशी दुपारी भाऊ आला. कोट हातावर, मिशा पूर्ण पांढऱ्या. दुकानात न थांबता त्यानं चप्पल काढली आणि सरळ मागच्या खोलीत शिरला. ती हातातला सदरा तसाच टाकून त्याच्या मागोमाग आली. नवरा टेबलापाशी बसून आपले जुने बूट घासत होता. त्यानं वर पाहिलं आणि त्याच्या हातातला ब्रश थांबला.

भाऊ समोरच्या स्टुलावर बसला. तिच्याकडे बघून म्हणाला, "तोफखान्याचा एक म्हातारा मिळालाय. पायदळाचा मी. रणगाड्यांचा कुणी नाही."

"हो का," ती म्हणाली. "चहा टाकते."

"चहा नको, ताई. बस." ती बसली नाही. "लांब्याची आई गेली गेल्या वर्षी. मी जात होतो ना तिच्याकडे दर वर्षी. शेवटी म्हणाली, 'माझा पोरगा वेंधळाच होता रे, दारावर सुद्धा डोकं आपटायचा. उगीच तुमच्या त्या ड्रायव्हरला आयुष्यभर टोचणी लावून गेला.' असं म्हणत गेली ती. त्याची चूक नव्हती, असं मी तिला ठासून सांगू शकलो नाही, कारण मलाच खात्री नव्हती. सगळ्या जगानं मला सांगितलं की फोन चालू होता." त्यानं कोटाची घडी मांडीवर नीट केली. "मी उद्या तुझ्या नवऱ्याच्या शेजारी उभा राहतो. मला दुसरं कुणी नाहीच आहे. पण त्यानं मला एकदा त्याच्या तोंडानं सांगावं. फोन मेला होता की नव्हता. आणि मेला होता तर कुणी मारला. विचार त्याला."

"काय म्हणतोय?" नवऱ्यानं विचारलं. बहिऱ्या माणसाच्या मोठ्या आवाजात.

ती नवऱ्यासमोर जाऊन उभी राहिली, भावाकडे पाठ करून. सवयीनं ओठ हलले, आवाज न करता: *उद्या बरोबर उभे राहाल का विचारतोय.* नवऱ्याचा चेहरा उजळला. मान डोलावण्यासाठी हनुवटी खालीही आली.

"ताई, मोठ्यानं बोल," मागून भाऊ म्हणाला. "मलाही ऐकू दे."

अस्तर लावायला, सैल करायला आता जागाच नव्हती. एक ऐकत होता, दुसरा बघत होता. तिनं पदरानं ओठ पुसले आणि मोठ्यानं, एकेक शब्द सुटा करून म्हटलं, "तो विचारतोय, फोनची तार कुणी काढली होती?"

नवरा तिच्याकडे बघत राहिला. मग भावाकडे. मग पुन्हा तिच्याकडे.

"मी काढली. हे काय विचारणं झालं?" त्याचा आवाज अंगणापर्यंत गेला. "त्याला माहीत आहे की! त्याच आठवड्यात तर निरोप दिला होता तुझ्याजवळ. म्हणालो होतो, तू सांगशील तसं करतो, चौकशीत बोल म्हणालास तर बोलतो. तो काहीच बोलला नाही. मी समजलो, बहिणीच्या संसारासाठी गप्प बस म्हणतोय, पण तोंड बघायचं नाही म्हणतोय. ते मला मान्य होतं. माझी लायकीच तेवढी होती."

टेबलावरच्या पॉलिशच्या डबीचं झाकण नवऱ्याच्या कोपराला लागून खाली पडलं आणि गोल फिरत फिरत थांबलं.

"ताई?" भाऊ म्हणाला.

"नाही सांगितलं," ती म्हणाली.

"कधीच?"

"दिवस गेले होते मला. चौकशी चालू होती. तू सांगून टाकलं असतंस."

भावानं त्यावर विचार केला. त्याच्या चेहऱ्यावर राग यायला हवा होता, तिनं तयारीही केली होती, पण आला नाही. "सांगितलं असतं," तो शेवटी म्हणाला. "कदाचित नसतंही सांगितलं. कळायला काही मार्ग नाही आता. पण ते मी ठरवायचं होतं ना, ताई. तो निरोप मला होता."

"हो."

"मी त्या दिवशी विचारलं होतं तुला. खाटेवर बसून. तू म्हणालीस, आधी चार घास खा."

"हो रे."

"खाल्ले मी."

"काय चाललंय?" नवरा ओरडला. "काय म्हणतोय तो? मला सांगशील का कुणी?"

तिला स्वतःच सांगावं लागणार होतं. दुसरं कोण होतं? आयुष्यभर दोघांचे निरोप नेले, आता स्वतःचा न्यायचा होता, आणि तोही त्या माणसाला जो फक्त तिचेच ओठ वाचत होता. ती त्याच्यासमोर वाकली. म्हणाली, "मी त्याला सांगितलंच नव्हतं. तुमचा निरोप. त्याला आज कळतंय." आवाज काढून म्हणाली, भावालाही ऐकू जाईल असं.

नवऱ्याला ते पहिल्यांदा समजलं नाही. त्यानं तिला पुन्हा सांगायला लावलं. तिनं पुन्हा सांगितलं. मग त्यानं बूट खाली ठेवला.

"तू तर म्हणाली होतीस, काही बोलला नाही."

तिनं खाली पडलेलं झाकण उचलून डबीवर बसवलं.

"म्हणजे," त्याला आवाज लहान करता येत नव्हता, सगळी गल्ली ऐकत असणार, "म्हणजे हा इतकी वर्षं माझी वाट बघत होता? आणि मी त्याची?"

ती दुकानात निघून गेली. मशिनसमोर बसली, ब्लेड हातात घेतलं, एका बाहीला टोक लावलं आणि तसंच धरून ठेवलं. मागच्या खोलीतून स्टूल ओढल्याचा आवाज आला. भाऊ जवळ सरकला असावा. मग त्याचा आवाज, कानाशी तोंड नेऊन काढलेला, फाटका: "भावोजी! मी! काय! म्हणतोय! ऐकू! येतंय?"

"मिशा बाजूला कर, मग कळेल," नवरा म्हणाला.

ती वाट बघत होती, आतून हाक येईल. ताई, ह्यांना सांग. अगं, ह्याला विचार. आली नाही. बराच वेळ दोघं ओरडत होते, थांबत होते, पुन्हा ओरडत होते. एकदा लांब्या हा शब्द आला. एकदा कुणीतरी नाक शिंकरलं. चौकशी, कमांडर, साबण. एकदा तर कोंबड्यासारखं आरवणंही ऐकू आलं आणि त्यानंतर जे आलं ते हसू होतं की रडू, तिला दारातून कळलं नाही. आत जाऊन बघावं असा तिचा हक्क राहिला नव्हता.

संध्याकाळी भावानं कोट आणून मशिनवर ठेवला. "बिल्ला लावायचाय. भावोजींच्याही कोटाला लाव."

"लावते," ती म्हणाली. "भाऊ..."

"उद्या सकाळी लवकर निघायचंय," तो म्हणाला आणि आत गेला. त्या दिवशी, किती वर्षांनी, तो मागच्या खोलीत जेवला. जेवताना तिच्याशी बोलला तो मीठ मागण्यापुरता.

काढलेल्या बिल्ल्यांच्या ढिगातून तिनं दोन निवडले. वडिलांच्या हातचे, जुन्या सदऱ्यांवरून नव्यांवर चढत आलेले, दाट टाक्यांचे. दोन्ही कोटांना तिनं ते इतके बारीक टाके घालून लावले की उलटून बघितलं तरी दोरा दिसू नये. तिला एवढंच करता येत होतं आणि ते कुणाच्या लक्षात येणार नव्हतं.

सकाळी दोघं तयार होऊन टेबलापाशी बसले होते. बूट चकचकीत, केस पाणी लावून चापून बसवलेले. कॅम्पातून बँडच्या सरावाचे तुटक सूर येत होते. नवऱ्यानं टेबलाच्या कडेवर दोन्ही तळवे टेकले. मान न वळवता त्यानं विचारलं, "मागे कोण?"

ती दुकानाच्या दाराशी उभी होती. तोंडातून 'मोकळं' निघणारच होतं, पाय उचललाही होता. पण भाऊ आधीच उठून खुर्चीमागे गेला होता. त्यानं नवऱ्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"मागे मी आहे, भावोजी," तो म्हणाला. ऐकू जाणार नव्हतं, तरी म्हणाला.

नवरा उठला. दोघं तिच्या बाजूनं दुकानातून बाहेर पडले. भावानं फाटकासमोरचा रस्ता ओलांडताना नवऱ्याचा कोपर धरला. पलीकडे तोफखान्याचा म्हातारा काठी टेकून त्यांची वाट बघत उभा होता. घरच्या लोकांसाठी मैदानावर खुर्च्या मांडल्या होत्या, तिच्यासाठीही एक असणार. चल म्हणून कुणी वळून बघितलं नाही. ते रागानं नव्हतं, हे तिला कळत होतं. त्यांना एकमेकांशी खूप बोलायचं होतं.

तिनं दाराच्या चौकटीला हात टेकला. लांब्या जिथे डोकं आपटायचा तिथे लाकूड किंचित दबलेलं होतं, रंग दिला तरी ते खोलगट राहिलेलं. नवऱ्याचा निरोप आता ज्याचा त्याला पोचला होता. पण त्याच निरोपाची आणखी एक धनीण होती, लांब्याची आई; तुझा पोरगा वेंधळा नव्हता गं, एवढंच तिला सांगायचं होतं, आणि ते न्यायला आता जागा नव्हती.

मैदानावर बँड लागला. ती मशिनवर येऊन बसली, पोत्यातून पुढचा सदरा काढला आणि बिल्ल्याच्या कडेखाली ब्लेडचं टोक सरकवलं. टाका वडिलांनी शिकवलेला होता. चटकन तुटेना.